आधीचं काय

रिस्ताना वेल्कोव्हाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आपल्या भावाची दाढी करत होती. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात घुटमळले, तशी मान न वळवता ती म्हणाली, "ये, आत ये. बर्फ बाहेरच झटक. मी उठत नाही हं, हा हलला तर कापेल."

खुर्चीत बसलेला माणूस पन्नाशी केव्हाच ओलांडलेला, अंगानं दांडगा. पण गळ्याभोवती टॉवेल बांधून, डोळे घट्ट मिटून तो लहान पोरासारखा बसला होता. दाढी झाली. तिनं त्याचं तोंड पुसलं, गालावरून उलटा हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "झाला बघ नवरदेव." तो हसला. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "ताई, ही कोण?"

"मलाही तेच विचारायचंय," ती म्हणाली.

मी एलित्सा. तेव्हा राजधानीत, स्कोपियेच्या विद्यापीठात, नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या विभागाकडे एक काम आलं होतं. घराघरांत मुलांना होणारी मारहाण, त्यांची हेळसांड, हे मुळात घडूच नये म्हणून काही करायला आपला देश कितपत तयार आहे, ते मोजायचं होतं. कायदा पुरेसा आहे का, हे काम जाणणारी माणसं आहेत का, आणि मुख्य म्हणजे लोकांना ते हवं आहे का, असे ठरलेले प्रश्न घेऊन गावोगावच्या जाणत्या माणसांना भेटायचं. त्यांनी प्रत्येक उत्तराला शून्य ते दहातला एक आकडा द्यायचा. सगळ्या आकड्यांची गोळाबेरीज म्हणजे देशाची तयारी.

श्तिपसाठी आम्हाला त्याच गावातलं माणूस हवं होतं. ज्याला विचारावं तो एकच नाव सांगे. रिस्तानानं उभी हयात बाळंतिणींच्या घरोघर जाणारी नर्स म्हणून काढली होती. अर्ध्या गावाला पहिली अंघोळ तिच्याच हातची. रस्त्यानं चालताना दाढीमिशावाले बाप्ये तिला वाट करून देत, आणि ते पुढं गेले की ती माझ्या कानाशी म्हणे, "याची नाळ काही केल्या पडत नव्हती. आई रडून रडून अर्धी झाली होती. आणि आता बघ, कसा छाती काढून चालतोय."

ती निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. भावाला, कोलेला, फिटचे झटके येत, त्याला एकटं सोडता येत नसे. दुपारी शेजारीण येऊन बसली तरच रिस्ताना घराबाहेर पडे. लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून तो असा आहे, असं गावात सगळे सांगत. त्यांच्या घरात भिंतीवर एक फोटो होता. काळ्या मिशांचा, देखणा माणूस, हातात क्लॅरिनेट. त्यांचे वडील, गाव्रिल. जुनी माणसं भेटली की आधी त्यांचंच नाव काढत. "गाव्रिलची लेक ना तू? काय बाप होता! त्या पोराला पाठुंगळीला घेऊन गावभर हिंडायचा. मोठा झाला तरी. असा बाप नशिबानंच मिळतो."

"हो," रिस्ताना म्हणे. "पाठ दुखायची त्यांची."

कामाची पद्धत अशी होती, की दोघींनी मिळून जायचं. एकीनं विचारायचं, एकीनं लिहायचं. सुरुवातीला मीच विचारत असे. पोलीस ठाण्यातला इन्स्पेक्टर तिच्या हातचं बाळ निघाला. त्यानं आमच्यासाठी कॉफी मागवली आणि पहिल्याच प्रश्नावर तो हसायला लागला.

"मावशी, तुम्हीच सांगा. आपल्याकडं म्हणतात ना, काठी स्वर्गातून उतरलीय. दोन फटके खाल्ले म्हणून मी इन्स्पेक्टर झालो."

"आणि नसते खाल्ले तर?" रिस्तानानं विचारलं.

"तर मंत्री झालो असतो," तो म्हणाला आणि स्वतःच मोठ्यानं हसला. मग जरा सावरून बसला. "हे बघा, थट्टा राहू दे. कुणी पोराला रक्तबंबाळ केलं आणि आमच्या कानावर आलं, तर आम्ही सोडत नाही. उचलून आत टाकतो. लिहा तसं."

"लिहिते. पण ते नंतरचं झालं," रिस्ताना म्हणाली. "आधीचं काय?"

"आधी?" त्याला खरंच कळेना. "आधी काय करणार मावशी? आधी तर काही झालेलंच नसतं."

हे उत्तर आम्हाला मग सगळीकडे मिळत गेलं. न्यायालयातल्या बाईंनी सांगितलं, कायदा कडक आहे, शिक्षा होते. चर्चमधले फादर म्हणाले, लोक येऊन पाप कबूल करतात, मी त्यांना उपास सांगतो. रिस्ताना मान डोलावून ऐकून घेई आणि शेवटी तेवढंच विचारी, "आधीचं काय?" एका शाळेच्या मुख्याध्यापिका तर दुखावल्याच. "आमच्याकडे असले प्रकार नाहीत. सगळी चांगल्या घरची मुलं आहेत," त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर रिस्ताना स्वतःशी हसली. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही गं. चांगल्या घरांच्या भिंती जाड असतात, एवढंच."

यादीत एक नाव राहत चाललं होतं. डॉक्टर स्तामेन. गावच्या रुग्णालयाचे जुने प्रमुख, मुलांचे डॉक्टर, ऐंशीच्या घरात पोचलेले. त्यांच्याकडे जायचं म्हटलं की रिस्तानाकडे काही ना काही निघे. एकदा कोलेला ताप होता. एकदा चढावर बर्फ गोठलं होतं. एकदा शेजारीण येणार नव्हती. मला वाटलं, वयस्कर माणसाला त्रास नको म्हणून ती टाळत असेल. शेवटी मी म्हटलं, "मावशी, मी एकटीच जाऊन येते हवं तर."

"नको," ती म्हणाली. "येते मी. आणि प्रश्न आज मी विचारीन. तू लिही."

त्या दिवशी तिनं ठेवणीतला कोट घातला होता.

डॉक्टर घरातही टाय लावून बसले होते. "रिस्ताना! किती वर्षांनी पायरी चढलीस. आम्ही मेल्यावरच येणार होतीस की काय?" त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिची उभी नोकरी त्यांच्याच हाताखाली झाली होती. सुनेनं काचेच्या बशीत पाकवलेलं बिहीचं फळ आणून ठेवलं, सोबत पाणी आणि कॉफी. आम्ही चमचाभर खाल्लं, पाणी प्यालो, आणि रिस्तानानं चष्मा लावला.

तिनं पहिला प्रश्न वाचला. आपल्या लोकांना मुलांवरची मारहाण ही गंभीर गोष्ट वाटते का?

"वाटते म्हणजे? पोरांवर आपल्या लोकांइतका जीव टाकणारं कोण आहे जगात? स्वतः कोरडी भाकरी खातील, पण पोराला लोणी. आठ लिही, पोरी."

मी आठ लिहिलं. कोणत्या घरात मूल धोक्यात आहे ते डॉक्टर आणि नर्सना वेळेवर ओळखता येतं का, असा पुढचा प्रश्न होता.

"ज्यानं आयुष्यभर हे काम केलं त्याला सांगावं लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "मूल आईच्या मांडीवर कसं बसतं, हाड कुठं मोडलंय, ते बघितलं की कळतं. इथंही आठ."

मी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागले. रिस्तानानं कागद मांडीवर ठेवला.

"आणि कळल्यावर काय करतात?" तिनं विचारलं.

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. "हे लिहिलंय का त्यात?"

"नाही. हे मीच विचारतेय."

सून कप उचलायला आली होती. डॉक्टरांनी तिला हातानंच जायला सांगितलं. दार लागलं तेव्हा ते म्हणाले, "कोलेबद्दल बोलतेयस तू."

"हो."

"झाडावरून पडला असं तूच म्हणाली होतीस. तुझ्या तोंडानं म्हणालीस."

"नऊ वर्षांची होते मी, डॉक्टर. आईनं पढवलं तसं बोलले. चेरी तोडताना पडला, असं. मार्च महिना होता. तुमच्या खिडकीबाहेर एक झाड होतं. मी चेरी म्हटल्यावर तुम्ही त्या झाडाकडं पाहिलंत. एक पान नव्हतं त्याच्यावर. मग मला म्हणालात, जा, बाहेर बस."

मी पेन खाली ठेवलं. त्या खोलीत मी नसते तर बरं, असं मला वाटत होतं. पण उठून जाणंही जमेना.

"आठवतं मला," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुला बाहेर का बसवलं ते ठाऊक आहे? तुझ्या बापाला आत घेतलं. म्हटलं, गाव्रिल, परत हात उचललास तर मी स्वतः शिपाई बोलावीन. तो माझ्या टेबलावर डोकं टेकून रडला. एवढा धिप्पाड माणूस. त्यानंतर त्यानं तुमच्यावर हात टाकला कधी?"

"नाही. कधीच नाही."

"मग? आणखी काय करायला हवं होतं मी? त्याला तुरुंगात घातलं असतं तर तुमच्या तोंडात घास कुणी घातला असता? पोरांना ठेवायला जागा होती कुठं तेव्हा? कुणाला सांगायचं होतं?"

"मी कुठं म्हणतेय तुम्ही चुकलात?" रिस्ताना म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. पण ते नंतरचं. त्याच्या आधी, दोन वर्षं असतील, आईनं मला आणलं होतं तुमच्याकडं. हात मोडला होता माझा. तेव्हाही मी पडलेच होते."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, तिथं लपवाछपवी नव्हती.

"हात?" ते म्हणाले. "नाही गं. नाही आठवत."

"आठवणार कसं? साधा हात. तुम्ही प्लास्टर घातलंत. वर एक गोळी दिलीत, लिंबाची. मी ती घरी नेऊन कोलेला अर्धी दिली." तिनं मांडीवरचा कागद सारखा केला. "त्या दिवशी वडिलांना बोलावून घेतलं असतंत, तर ते त्याच दिवशी रडले असते. कधीकधी तेवढं मनात येतं. बाकी काही नाही."

खाली रस्त्यावरून कुणीतरी ट्रॅक्टर नेत होतं, तो दूर जाईपर्यंत तिघंही ऐकत राहिलो. मग रिस्तानानं कागद उचलला आणि पुढचा प्रश्न वाचला. उरलेले सगळे प्रश्न तिनं त्याच आवाजात विचारले. डॉक्टरांनी उत्तरं दिली, पण आता ते आकडा सांगायला वेळ लावत होते. शेवटी आम्ही उठलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मघाशी त्या ओळखण्याच्या प्रश्नाला मी आठ म्हणालो होतो ना?"

"हो. बदलायचंय का?"

त्यांनी रिस्तानाकडे पाहिलं. ती कोटाची बटणं लावत होती.

"राहू दे," ते म्हणाले. "म्हातारा उत्तरं फिरवायला लागला की घरचे म्हणतात, डोकं गेलं."

आठच राहिलं.

उतारावरून खाली येताना तिनं माझा दंड धरला होता. ओतिन्या नदीच्या पुलापाशी एक जण चेस्टनट भाजत बसला होता. तिनं कोलेसाठी पुडी घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवली, गरम राहावी म्हणून.

"मी कुणाला सांगितलं नव्हतं हे," ती म्हणाली. "आज तू होतीस म्हणून तुला कळलं. तू चांगली पोर आहेस, पण मी तुला सांगितलं असतं असं नाही."

"काय झालं होतं त्या दिवशी?"

"काय व्हायचं? वडील कुणाच्या लग्नात वाजवून घरी आले होते. झोपले होते. कोले त्यांच्या क्लॅरिनेटमध्ये फुंकत बसला. चार वर्षांचा होता. त्यांनी उठून एक दिली त्याच्या कानाखाली. एकच. तो चुलीच्या कोपऱ्यावर पडला." ती चालता चालता थांबली, दम घेतला. "लोक समजतात, मारणारा माणूस म्हणजे राक्षस. माझे वडील राक्षस नव्हते. रागीट होते, थकलेले असायचे, आणि कुणी त्यांना कधी थांबवलं नव्हतं. त्या दिवसानंतर थांबले ते कायमचे. वाद्य विकून टाकलं. कोलेला पाठीवर घेऊन हिंडायचे, सगळा गाव बघायचा आणि वा वा करायचा. ते ऐकून त्यांची मान खाली जायची. मी बघायचे ना. त्यांना थांबायला एक पोरगं खर्ची पडावं लागलं, एलित्सा. एवढंच माझं म्हणणं आहे."

"तुम्ही माफ केलंत त्यांना?"

"त्यांचं शेवटचं सगळं मीच केलं. भरवलं, पुसलं. माफ केलं का ते ठाऊक नाही. तसा कधी प्रश्नच आला नाही, कामच एवढं असायचं." आणि मग म्हणाली, "त्यांनी मरताना माझी माफी मागितली नाही. कोलेची मागितली. कोले म्हणाला, बाबा, मला लोणचं पाहिजे."

ती हसली. मला हसता आलं नाही.

मग मला कळत गेलं, की ती नर्स का झाली होती. बाळंतिणीच्या घरी ती बाळाचं वजन करायला जात असे, पण त्याआधी ती बापाला शोधायची. कुठं कामाला आहे, झोप होते का, दारू किती, बाळ रडलं की काय वाटतं. तिची एक सवय तिच्या जुन्या सोबतिणींनी मला सांगितली. एखाद्या घरात हवा बरी नाही असं तिला वाटलं की ती तिथं काहीतरी विसरून यायची. कधी हातमोजे, कधी छत्री. म्हणजे दुसऱ्या दिवशी परत जायला निमित्त. तिच्या हाताखालच्या मुली तिची थट्टा करायच्या, रिस्तानाचं डोकं चाळणी झालंय म्हणून.

वसंतात आमचं काम संपलं. सगळ्या देशाची गोळाबेरीज झाली, ती निम्म्याच्याही खाली आली. लोकांना हा प्रश्न गंभीर वाटतो याला बऱ्यापैकी गुण होते. तो आधीच थांबवायला माणसं किती आहेत, याला जवळजवळ काहीच नव्हते. निकाल सांगायला स्कोपियेत एका हॉटेलात सभा ठेवली. गावोगाव काम केलेल्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आणि मी रिस्तानाचं नाव दिलं.

ती सकाळच्या बसनं आली, कोलेला घेऊन. शेजारणीकडे लग्न होतं, त्याला ठेवणार कुठं? त्याला सूट घातला होता, टायची गाठ तिनंच बांधलेली दिसत होती. दोघं मागच्या रांगेत बसले. समाजकल्याण खात्याचे एक अधिकारी बराच वेळ बोलले. ते वाईट बोलले असं नाही. आकडा कमी आहे हे त्यांनी मान्य केलं आणि येत्या काळात घरोघर जाणाऱ्या नर्सची संख्या वाढवू असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज मोठा होता, दिवे झगझगीत होते, आणि कोले पहाटेपासून उठलेला होता.

रिस्तानाचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली आणि त्याच वेळी तिच्या शेजारची खुर्ची उलटली.

मी धावत मागे पोचले तेव्हा ती जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. ठेवणीतला कोट काढून तिनं त्याच्या डोक्याखाली घातला होता. एक बाई चमचा घेऊन पुढे आली. "तोंडात काही घालू नका," रिस्ताना शांतपणे म्हणाली. "नुसतं बाजूला व्हा, त्याला हवा लागू दे." पुढं कुणीतरी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं की कॉफीसाठी थोडी सुट्टी घेऊ या. माणसं आमच्याकडे न बघता बाहेर जाऊ लागली. त्यांनी बघितलं नाही ते सभ्यपणानंच, हे मला कळत होतं. ती गुडघ्यावर बसून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली, तो निपचित होईपर्यंत. मग तिनं वर पाहून मला विचारलं, "इथं धुवायला जागा कुठंय गं? त्याची पँट ओली झालीय."

सभा पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांची बस निघायची वेळ झाली होती. मी त्यांना सोडायला गेले. कोले खिडकीशी झोपला. मी खाली उभी राहून तिला विचारलं, "काय बोलणार होतात तुम्ही?"

"'नमस्कार, मी श्तिपहून आले,' एवढंच पाठ केलं होतं," ती म्हणाली. "पुढचं तिथं सुचेल म्हटलं."

कोले त्याच वर्षी गेला. शरदात, द्राक्षं उतरायचा हंगाम होता. सकाळी अंगणात खुर्चीवर बसला होता, झटका आला आणि त्यातून तो परत आला नाही. मी गेले तेव्हा त्याला पुरून झालं होतं आणि स्मशानाच्या फाटकाशी बायका आलेल्यांना रिवाजाप्रमाणे शिजवलेले गोड गहू चमच्यानं देत होत्या. डॉक्टर स्तामेन काठी टेकत आले. त्यांच्या मुलानं त्यांना गाडीतून आणलं होतं. त्यांनी मेणबत्ती लावली, गहू खाल्ले, ठरल्याप्रमाणे म्हणायचं ते म्हणाले, देव त्याला क्षमा करो. आता ते निघतील असं मला वाटलं. पण ते रिस्तानासमोरच उभे राहिले.

"कुठला हात होता?" त्यांनी विचारलं.

तिला आधी कळलं नाही. मग तिनं डावा पुढं केला. त्यांनी काठी मुलाकडे दिली, तिची बाही मागे सारली आणि मनगटाच्या वर अंगठ्यानं हाड चाचपत गेले, सावकाश, जसं दवाखान्यात करत असतील तसं. एका जागी त्यांचा अंगठा थांबला.

"नीट जुळलाय," ते म्हणाले.

"हो डॉक्टर. कधी दुखला नाही."

त्यांनी तिची बाही पुन्हा खाली ओढली आणि बटण लावायचा प्रयत्न केला. ते लागेना. तिनं त्यांना लावू दिलं. बराच वेळ लागला.

त्या हिवाळ्यात मी तिला भेटायला जायचं टाळत होते, कारण सांगायला चांगली बातमी नव्हती. नर्सच्या नव्या जागांचं काम एका वर्षानं पुढं ढकललं होतं. फोनवर सांगायला नको वाटलं, म्हणून शेवटी बसनं गेले.

दार ढकललं तर ती स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर एक तान्हं मूल होतं, सातआठ महिन्यांचं, लाल गालांचं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. कोलेच्या पलंगावर एक मुलगी झोपली होती. बूटही काढले नव्हते. केसांना कापसाचे तंतू चिकटलेले.

"ही कोण?" मी कुजबुजत विचारलं.

"सुन्चित्सा. मागच्या गल्लीत भाड्यानं राहते. शिवणकामाच्या कारखान्यात रात्रपाळी करते, तेवढा वेळ घरमालकीण याला बघते. नवरा इटलीत. आई नाही, सासू नाही. हा दिवसभर रडतो, झोपू देत नाही, तर कधीकधी वाटतं याला भिंतीवर आपटावं, असं बाजारात माझ्याजवळ बोलून गेली. बोलली आणि घाबरली, बिचारी. म्हणाली, मावशी, मी वाईट आई आहे, कुणाला सांगू नका."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सकाळी कामावरून सुटलीस की याला घेऊन सरळ माझ्याकडं ये. पलंग रिकामाच आहे."

मूल तिचं बोट धरून चोखत होतं. तिनं मला कॉफी ठेवायला सांगितली, पण पातेली वाजवायची नाहीत असं बजावलं. मी कॉफी केली. आम्ही दोघी खिडकीशी बसून प्यालो. ती बरीच वाळली होती, एका वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी. कोलेचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. मग मी आल्या कामाचं सांगायला सुरुवात केली. खात्याचा निर्णय, पैसे, पुढल्या वर्षीचं आश्वासन. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा.

रिस्तानानं आतल्या खोलीकडे मान वळवून पाहिलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."